तुंबडी घ्यायची तर आधी मोरी बघा

मागच्या आठवड्यात उमरखेडकडच्या एका ज्युनिअरचा फोन आला. नवा दवाखाना टाकतोय, पंचकर्माची खोली काढलीय, आता कपिंगचा, म्हणजे आपल्या तुंबडीचा, किट घ्यायचाय. दुखऱ्या जागी कप लावून कातडी वर ओढून धरायची, ती तुंबडी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटोही आला होता. निळी सुटकेस, आत बत्तीस कप, पिस्तुलासारखा एक पंप, वर चुंबकाच्या सुया फुकट. "मॅडम, हा घेऊ की चोवीसवाला?"

मी विचारलं, "तुझ्या खोलीत मोरी कुठं आहे?"

पोराला वाटलं माझं लक्ष नाही. त्यानं पुन्हा कपांचा आकडा सांगितला.

मोरीचं मी उगाच विचारलं नव्हतं. घाटंजी तालुक्यात अठरा वर्षं दवाखाना चालवतेय. एवढ्या काळात काचेचे, प्लास्टिकचे, सिलिकॉनचे आणि हौसेखातर बांबूचेसुद्धा कप घेऊन झाले. घेताना दरवेळी ओढ किती आहे तेच बघितलं. वापरात टिकले मात्र नीट धुता आले तेवढेच. बाकीच्यांचा एक डबा माळ्यावर पडून आहे. तेव्हा नवीन वैद्यांनी विचारलं की मी उलट्या टोकानं सुरुवात करते: कप धुणार कुठं, वाळवणार कुठं, टाकणार कुठं. कप कोणता घ्यायचा ते त्यानंतर.

कोणाच्या पाठीवर लावणार?

माझ्याकडे दसऱ्यापासून संक्रांतीच्या पुढंपर्यंत कापूस वेचणाऱ्या बाया येतात. दिवसभर वाकून वेचायचं, कमरेची ओटी भरत जायची, तिचं ओझं पुढं ओढत राहतं आणि संध्याकाळी मान-खांदा दगडासारखा. "बाई, थ्या तुमड्या लावून द्या नं, फरा लय भरून आला" (फरा म्हणजे खांद्याचं पातं) हे वाक्य मी हंगामात रोज ऐकते. खरिपात पाठीवर फवारणीचा पंप घेणारे गडी येतात. बाजाराच्या दिवशी सासवांना घेऊन सुना येतात. सासूचे गुडघे दाखवून झाले की दाराशी थांबून हळूच स्वतःची कंबर सांगतात.

यातल्या बहुतेक बायांच्या पाठीवर मांस नाही. मोठा कप फऱ्याच्या हाडावर ठेवला की एका कडेनं हवा घेतो आणि टपकन गादीवर पडतो. व्हिडिओत व्यायाम केलेल्या, भरलेल्या पाठी दिसतात आणि त्यावर मोठे कप शोभून दिसतात. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे गोल डाग टीव्हीवर दिसले तेव्हापासून आमच्याकडची कबड्डीची पोरंही येऊन "तसेच डाग पाडून द्या" म्हणतात. त्यांना मोठे कप चालतात. पण माझा दवाखाना काही त्या पोरांवर चालत नाही.

माप बघून यंत्र घ्यायचं हे आपल्याकडं जुनंच आहे. सुश्रुतांनी वातासाठी शृंग म्हणजे शिंग, पित्तासाठी जळू आणि कफासाठी अलाबू म्हणजे पोकळ भोपळा सांगितला. वाग्भटांनी तर अलाबूचं मापच दिलंय: लांबी बारा अंगुळं, घेर अठरा, तोंड तीन-चार अंगुळांचं, आत दिवा. तीन-चार अंगुळं म्हणजे आजच्या सेटमधला सगळ्यात मोठा कप किंवा त्याहूनही थोडा मोठा.

मी नवीन होते तेव्हा शेजारच्या गावात शिंगी लावणारी एक म्हातारी होती. शिंगाच्या टोकाच्या भोकातून ती तोंडानं ओढायची आणि मेणानं भोक बुजवायची. तिच्याजवळ तीन शिंगं होती, लहान, मध्यम, मोठं. कोणतं कुठं लावायचं हे ती बोटांनी पाठ चाचपून ठरवायची. "वल्लं बोट फिरव पोरी, मंग ठेव. कोरड्यावर शिंग धरत नाई." आजही कप ठेवण्याआधी मी कातडीवर पाण्याचा किंवा तेलाचा हात फिरवते तो तिच्यामुळं. तोंडानं ओढणं आणि तेच शिंग दुसऱ्याला लावणं मात्र तिच्याबरोबरच गेलं ते बरं झालं.

कोरडी की ओली, हे आधी ठरवा

साहित्याचं सगळं गणित या एका प्रश्नावर फिरतं. कोरड्या तुंबडीत फक्त ओढ असते. ओलीत कातडीवर बारीक छेद देऊन रक्त काढतात. युनानीवाले तिला हिजामा बिल शर्त म्हणतात, आपण रक्तमोक्षणात धरतो. कोरडीला धुता येणारे कप पुरतात. ओलीला एकदा वापरून फेकायचे कप, पात्या, हातमोजे, कचऱ्याचे डबे आणि तो कचरा नेणारी गाडी, एवढा सगळा संसार लागतो. तो उभा करायची तयारी नसेल तर ओली सुरूच करू नका. माझ्याकडं दहातल्या नऊ कोरड्याच असतात आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आणखी एक गोष्ट रोग्याला बोलून दाखवायची तयारी ठेवा. मान आणि कंबरदुखीत तुंबडीनं काही दिवस आराम पडतो असं दाखवणारे अभ्यास आहेत, पण त्यांचा पुरावा कच्चा आहे. शुगर, बीपी, लकवा "खेचून काढणारे" किट विकणारे स्वतःची तुंबडी भरतात, एवढंच.

काच, प्लास्टिक, सिलिकॉन, बांबू

माझं शिक्षण काचेवर झालं. जाड गोल तोंडाचा काचेचा कप, चिमट्यात स्पिरिटचा बोळा, पेटवला, आत फिरवला, काढला, कप ठेवला. आतली तापलेली हवा थंड होताना आकसते आणि कातडी वर ओढली जाते. काच पारदर्शक असते, उकळता येते, ऑटोक्लेव्ह होते, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक करता येते. तीळतेल लावून पाठीवर फिरवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

मग मी ती का सोडली? कूलरमुळं. आमच्याकडं एप्रिल-मेत पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि कूलर बंद केला तर रोगी पाच मिनिटंही पालथा पडून राहत नाही. कूलरच्या वाऱ्यात ज्योत आडवी होते, कपाची कड तापते. एकदा बोळा नीट न पिळता पेटवला आणि स्पिरिटचा एक थेंब बाईच्या पाठीवर पडला. जळता थेंब. चूक माझीच होती. व्रण लहान राहिला, पण ती बाई चार दिवस पाठीवर झोपली नाही आणि मी चार रात्री झोपले नाही. वर आमच्या बायांच्या अंगावर सिंथेटिक साड्या, डोक्याला खोबरेल. पदर बाजूला घेतला तरी घसरून परत येतो. आता आगीचा कप मी फक्त हिवाळ्यात लावते. तेव्हा पंखा-कूलर बंद असतो, चादर सुती असते आणि हाताशी ओला टॉवेल असतो. आगीचे कप घ्यायचेच असतील तर तोंडाची कड जाड आणि पोट फुगीर असलेले घ्या. पातळ काच ज्योतीनं तडकते.

प्लास्टिकचे पंपवाले कप हल्ली सगळ्यांकडं असतात आणि कोरड्या तुंबडीला मीही तेच सुचवते. आग नाही, वीज नाही, लोडशेडिंगची चिंता नाही, आतली कातडी दिसते. पण प्लास्टिक-प्लास्टिकात फरक असतो. पॉलिकार्बोनेटचा कप दाबला तर वाकत नाही आणि टेबलावर टाकला तर टणक वाजतो. हलक्या प्लास्टिकचा कप बोटांत दबतो. दुकानदाराला "कशाचा आहे" विचारा. डब्यावर छापलेलं नसेल आणि त्यालाही सांगता येत नसेल तर पुढं चला. प्लास्टिकला दोन शत्रू. एक, पत्र्याखालच्या खोलीतली उन्हाळ्याची भट्टी. दुसरा, सारखं स्पिरिटनं पुसणं. स्पिरिटनं काही प्लास्टिकला केसासारख्या चिरा पडतात. महिन्यातून एकदा प्रत्येक कप उजेडासमोर धरून बघते. चीर दिसली की तो बाद, कारण चिरेतलं काही धुऊन निघत नाही.

सिलिकॉनचा कप दाबून ठेवायचा, सोडला की ओढतो. फऱ्याच्या कडेवर, कोपराजवळ, जिथं कडक कप बसत नाही तिथं कामाचा. उकळता येतो. पण ओढ किती झाली ते मोजता येत नाही, अपारदर्शक असेल तर आत काय चाललंय ते दिसत नाही, आणि तेलाचा वास धरून ठेवतो. दोन-तीन नग जवळ असावेत, एवढंच.

बांबूचे मी हौसेनं घेतले होते. मेळघाटातल्या एका कारागिरानं गुळगुळीत घासून दिलेले सहा नग, दिसायला फार देखणे. फेब्रुवारीत घेतले, मेमध्ये त्यांतल्या चारांना उभी चीर पडलेली. आमच्या कोरड्या हवेला बांबू टिकत नाही. टिकला असता तरी आतून सच्छिद्र असतो, घाम-रक्त पितो आणि परत निर्जंतुक करता येत नाही. आता त्यात पेनं ठेवते. पितळ-तांब्याच्या कपांतून आतलं दिसत नाही, म्हणून त्यांच्याकडं मी गेलेच नाही. इलेक्ट्रिक मशीनला आमच्या भागात वीजच पुरत नाही आणि तिची ओढ हाडकुळ्या पाठीला गरजेपेक्षा जास्त असते.

दुकानात उभं राहून करायच्या परीक्षा

ऑनलाइन स्वस्त पडतं हे खरं, पण पहिला सेट तरी हातात घेऊन बघावा. मी नागपूरला गेले की सर्जिकलच्या दुकानात हे करते, दुकानदार हसतो तर हसू दे.

पहिली परीक्षा कापसाची. विदर्भात कापूस शोधायला लागत नाही. कापसाचा थोडा पिंजलेला तंतू कपाच्या तोंडाभोवती फिरवायचा. कुठं अडकला तर तिथं धार आहे. साच्याच्या जोडाची रेघ कडेवर उठलेली असते, बोटाला कळत नाही पण कापसाला कळते. दहा मिनिटं ओढ धरलेल्या कातडीलाही कळते. असा कप काढल्यावर गोल डागाऐवजी लाल ओरखडा दिसतो.

दुसरी परीक्षा स्वतःच्या मांडीवर. कप लावायचा, दोनदा ओढायचं, नळी काढायची, घड्याळ बघायचं. दहा मिनिटांत ढिला झाला तर व्हॉल्व्ह गळतोय. सगळे कप तपासायला वेळ नसेल तर गुळगुळीत फरशी ओली करून तिच्यावर चिकटवायचे आणि पाच मिनिटांनी हलवून बघायचे. बत्तीसच्या सेटमध्ये तीन-चार असे निघतातच. हाडकुळ्या रोग्यावर कप पडला तर तो म्हणतो, "बाईची तुमडी लागत नाई," आणि ते गावभर होतं.

तिसरं, व्हॉल्व्हचा खुंटा वर ओढून सोडा. खटकन परत बसला पाहिजे. सुटताना हवा हळू शिरली पाहिजे. काही कपांचा खुंटा एवढा घट्ट असतो की काढताना कप कातडीसकट खेचला जातो.

चौथं म्हणजे प्रश्न: "याच मापाचे सुटे कप मिळतील का? पंपाचं वॉशर वेगळं मिळेल का?" नाही म्हणाला तर सेट कितीही देखणा असो, वर्षभरात अर्धा होणार. किटमध्ये अगदी छोटे कप भरून आकडा वाढवलेला असतो. माझ्या चोवीसच्या पहिल्या किटमधले सहा छोटे कप मी कधी लावलेच नाहीत. कपाळ आणि मनगटाच्या चित्रासोबत ते छान दिसतात. मला लागतात ते मधल्या मापाचे, साधारण चार-साडेचार सेंटिमीटर तोंडाचे, आणि थोडे त्याहून मोठे कंबरेसाठी. गुडघ्याला तोंड वळवलेले दोन. म्हणून आता किट घेतच नाही, सुटेच घेते.

चुंबकाच्या सुया फुकट मिळाल्या तर मिळू द्या. त्या कपाच्या आत बसतात आणि धुताना अडचण करतात.

किती कप लागतात

हे गणित पाठ बघून करायचं नाही, बादली बघून करायचं. माझ्याकडं एका रोग्याला सरासरी सहा कप लागतात. पाच ते दहा मिनिटं कप, आधी-नंतरचं धरून एकाला वीस मिनिटं. म्हणजे तासाला तीन रोगी, अठरा कप. वापरलेला कप साबणानं धुणं, अर्धा तास भिजवणं, परत धुणं, वाळवणं यात तास जातोच. त्या तासात पुढचे अठरा हवेत. चार-सहा वरचे. बेचाळीस झाले. रोज दोन-तीनच रोगी असतील तर अठरा पुरे. ज्युनिअरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मग बत्तीसवाला बरोबरच होता की!" नव्हता, कारण त्यातले बारा-चौदा त्याच्या कामाचेच नव्हते.

पंप मात्र दोन घ्या. एक बिघडतो तो बाजाराच्याच दिवशी. पंपाची ओढ कंपनीगणिक वेगळी असते. एकाचे दोन झटके दुसऱ्याच्या तीनाएवढे. तेव्हा "तीनदा ओढायचं" असा पाठ करू नका. नवा पंप आला की आधी स्वतःच्या दंडावर लावा आणि आपल्या हाताला ओढ ओळखीची होऊ द्या. पाठीवर आकड्याकडं न बघता कातडीकडं बघायचं: वर आली, गुलाबी झाली, थांबायचं. काळपट जांभळी व्हायला लागली किंवा रोग्यानं श्वास धरला तर खुंटा ओढून थोडी हवा सोडायची. म्हाताऱ्यांची कातडी कागदासारखी असते, तिथं अर्ध्या झटक्यावरच थांबते. पंपाला लांब नळी जोडून मिळते ती जरूर घ्या. रोग्यावर वाकून उभं राहावं लागत नाही, आणि कंबर वैद्यालाही असते.

मोरी

आता ज्या प्रश्नावर पोरगं गोंधळलं होतं तो. खोलीत किंवा खोलीला लागून वाहत्या पाण्याची जागा हवी. स्वयंपाकघराची नको, हात धुण्याचं बेसिनही नको. दोन झाकणाच्या प्लास्टिक बादल्या, एक वाळवायची जाळी, बाटली धुण्याचा लांब ब्रश.

कोरड्या तुंबडीचाही कप "फक्त पुसून" परत लावायचा नाही. ओढीनं कधी कधी कातडीतून पाणी-रक्त पाझरतं, डोळ्याला दिसत नाही एवढं. आधी साबणानं ब्रश मारून धुवायचं. तेल राहिलं तर पुढच्या जंतुनाशकातलं क्लोरीन तेलातच खर्ची पडतं, म्हणून हा टप्पा गाळायचा नाही. मग एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये अर्धा तास. बाजारातलं पाच टक्क्यांचं असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. बाटलीवर टक्के वाचा, सगळ्या बाटल्या सारख्या नसतात. द्रावण रोज नवं करायचं. आमच्या उन्हाळ्यात कालचं द्रावण म्हणजे पाणीच. काढल्यावर वाहत्या पाण्यानं धुऊन जाळीवर पालथे. चिमटे आणि धातूचं काही त्यात टाकू नका, गंजतात.

आमच्या बोअरच्या जड पाण्यानं कपांवर पांढरा थर बसतो, मग आतलं दिसत नाही. शेवटचं धुणं मी फिल्टरच्या पाण्यानं करते. ऑटोक्लेव्हमध्ये तर डिस्टिल्डच. काचेचे कप त्यात १२१ अंश, १५ पौंड दाबावर वीस मिनिटं. घरच्या कुकरवर हे काम करू नका. मीही एकदा केलं होतं. शिटीवर दाब कळत नाही, आणि नंतर त्या कुकरातला भात घरात कुणी खाल्ला नाही.

ओलीचं सामान

दिग्रसला माझे एक बीयूएमएस, म्हणजे युनानीचे पदवीधर, स्नेही हिजामा करतात. चांद्र महिन्याच्या १७, १९ आणि २१ तारखांना त्यांच्याकडं रांग लागते आणि ते त्या हिशोबानं एकदाच वापरायच्या कपांचा साठा आधी मागवून ठेवतात. त्यांचा नियम मी उचललाय: रक्त लागलेला प्लास्टिकचा कप, कितीही भिजवला तरी, दुसऱ्या माणसाला नाही. कारण कपाच्या भिंतीपेक्षा व्हॉल्व्हमध्ये आहे. ओढीबरोबर रक्त खुंट्यापर्यंत चढतं, तिथं स्प्रिंग असते, तिथं ब्रश जात नाही. कप निम्म्याच्या वर भरू देऊ नका, नाहीतर रक्त नळीतून पंपात जातं आणि पंपही फेकावा लागतो.

पाती ११ किंवा १५ नंबरची सर्जिकल, सीलबंद, एका माणसाला एक. छेद कातडीच्या वरच्या थरात, ओरखड्यासारखे. हातमोजे, निर्जंतुक गॉज, ड्रेसिंग. पाती लगेच पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. वापरलेले प्लास्टिकचे कप आणि हातमोजे लाल पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे हा कचरा त्याची विल्हेवाट लावणाऱ्या सामायिक केंद्राच्या गाडीलाच द्यायचा. ती गाडी तुमच्या गावापर्यंत येते का हे कप मागवायच्या आधी विचारा. येत नसेल तर ओली विसरा. आणि स्वतः हिपॅटायटिस बीचे तिन्ही डोस घेतलेले असावेत.

आमच्या भागात ओलीच्या आधी दोन प्रश्न विचारल्याशिवाय मी पातीला हात लावत नाही. पहिला हिमोग्लोबिनचा. वेचाईला येणाऱ्या बायांत ते आठ-नऊ निघणं नवीन नाही. अकराच्या खाली मी रक्त काढत नाही, हट्ट केला तरी. दुसरा सिकलसेलचा, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा. कोलाम, गोंड, परधान वस्त्यांतून आणि इतरही समाजांतून माझ्याकडं रोगी येतात. सिकलसेलच्या रोग्याचं हाडं-सांधे दुखणं हे तुंबडीचं काम नाही, त्याला दवाखान्यात भरती करावं लागू शकतं. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाल्यापासून तपासणी झालेले लोक भेटतात. त्यांना कार्ड दाखवायला सांगायचं. तपासणी झालेली नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवायचं.

टेबलाच्या खणात मी एक कागद चिकटवलाय, कुणाला कप लावायचाच नाही याचा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू, गरोदर बाईची कंबर-पोट, पायाच्या फुगलेल्या नसा, जखम किंवा गळू, पायात जाणीव नसलेला मधुमेही. "पाठीत चमक भरली" म्हणून आलेला, घाम सुटलेला पन्नाशीचा माणूस, आधी ईसीजी. आणि फवारणीच्या दिवसांत डोकं गरगरतं, मळमळतं, डोळ्यांना अंधूक दिसतं म्हणणारा गडी. २०१७ च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. त्यातल्या कुणाला कोणी आधी पाठ चोळून दिली असेल, हा विचार मला अजून छळतो. असा माणूस आला की कप नाही, अँब्युलन्स बोलवायची.

वर्षभर टिकवण्यासाठी

पंप आणि कप झाकणाच्या डब्यात, पत्र्यापासून लांब, खालच्या कप्प्यात. पऱ्हाटीच्या दिवसांत कापसाची बारीक रुई सगळीकडं उडते. ती व्हॉल्व्हमध्ये बसली की चांगला कपही गळतो, तेव्हा खुंटा वर करून फुंकर मारा. पंप ओढायला जड झाला तर वॉशर सुकलंय. व्हॅसलीन लावू नका, काही रबर त्यानं फुगतं. ग्लिसरीनचा एक थेंब दांड्याला लावा आणि चार-पाचदा रिकामा ओढा. तरी धरत नसेल तर वॉशर बदला. दहा-वीस वॉशर एकदम आणून ठेवलेले असले की नागपूरची फेरी वाचते.

ज्युनिअरनं परवा फोटो पाठवला. खोलीच्या कोपऱ्यात कडाप्पा बसवून नळ घेतलाय, खाली दोन बादल्या. कप अजून घेतलेले नाहीत. मी त्याला मधल्या मापाचे अठरा आणि दोन पंप लिहून दिले.